डाव्या सीटवर मांडी घालून

आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे काही न करणं. तोंडाला ते एक वेळ जमतं, तोंडात सुपारी टाकता येते. पायांना जमत नाही. मी अंबडच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवते. गावातल्या निम्म्या बायका माझ्याकडे शिकल्या असं लोक म्हणतात. उरलेल्या निम्म्या आमची 'एल' लावलेली गाडी दिसली की अजूनही नवऱ्याला म्हणतात, "अहो, जरा बाजूला घ्या." मी शिकवणारी कशी झाले, तेवढंच इथे सांगते. ज्याला गाडी येते त्याला ती शिकवताही येते असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. माझाही तोच होता.

मी आष्टीकडची. सासरी शेत होतं, मोसंबीची बाग होती आणि माल न्यायला पिकअप होता. तो आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, चालवायचे. पुढे त्यांना दिवस मावळला की दिसेना. डॉक्टरांनी लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, गावानं रातांधळेपणा म्हटलं. मोसंबी मात्र जालन्याच्या बाजारात सकाळीच पोचावी लागते, म्हणजे घरून अंधारात निघणं आलं. मग मी आमच्याच पडीक रानात पिकअप शिकले, लायसन काढलं आणि माल नेऊ लागले. बाजारातले हमाल सुरुवातीला हसले. नंतर "वहिनी, गाडी जरा मागं लावा" म्हणू लागले. हसणं थांबलं हे मला तेव्हा कळलं.

बरीच वर्षं असं चाललं आणि माझ्या मणक्यात गॅप निघाली. आमच्या रस्त्यांवर पिकअप चालवणाऱ्याच्या मणक्यात ती नाही निघाली तरच नवल. डॉक्टर म्हणाले, ओझं बंद, वाकायचं बंद, पिकअप बंद, छोटी गाडी चालेल. डॉक्टरांचं सोपं असतं. मालकांना संध्याकाळी दिसत नव्हतं, मला सकाळी वाकता येत नव्हतं, आणि बाग बटाईनं देऊन घर भागत नव्हतं. दुसऱ्याच्या कापसात वेचणीला जावं तर तिथेही वाकणं आहेच. बाईला ड्रायव्हर म्हणून कोणी ठेवत नाही, हे मी विचारून पाहिलं होतं. एक दिवस मालक थट्टेनं म्हणाले, "तुला गाडीबिगर येतं काय? मंग गाडीच शिकव लोकायला." त्यांनी थट्टा केली, मी खरं धरलं. आमच्या संसारात बऱ्याच गोष्टी अशाच ठरल्या आहेत.

अंबडला खालेदभाईंचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. खालेदभाईंनी उमेदीत हैदराबादपर्यंत ट्रक चालवला होता. पांढरी दाढी, अत्तराचा वास, आणि आवाज असा की गाडीचा हॉर्न बिघडला तरी अडू नये. त्यांच्याकडे बायका चौकशीला येत, दाढी बघत, आवाज ऐकत आणि "घरी विचारून सांगते" म्हणून जात. परत एकही येत नसे. त्यांना बाई पाहिजे होती, मला काम पाहिजे होतं. एका चहात सगळं मिटेल अशा हिशेबानं मी गेले.

"दहावी पास हायत का?" त्यांनी विचारलं.

होते. इंग्रजीत काठावर, पण होते.

"लायसनला पाच वर्सं झाली?"

"कधीच झाली."

"बराबर. मेकॅनिकचं सर्टिफिकेट?"

"मला गाडीतलं सगळं समजतं, भाई."

"तुम्हाला समजून काय फायदा? सरकारला समजायला पायजे ना."

म्हणजे असं, की शिकवणाऱ्याला गाडी नुसती चालवता येऊन भागत नाही. बोनेटखाली काय आहे हे शिकल्याचं सरकारमान्य प्रमाणपत्र लागतं. चाळिशी उलटल्यावर मी आयटीआयत मोटार मेकॅनिकला नाव घातलं. वर्गात सगळी पोरं, मिसरूड फुटलेली आणि न फुटलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'मावशी' करून टाकलं आणि डबा कोणाचा चांगला हे हेरून ठेवलं. शिकवणारे सर माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. ते मला "अहो, तुम्ही" म्हणत आणि पोरांना "अबे" म्हणत. पाना हातातून निसटला की दोन्ही एकदम तोंडात येऊन त्यांची पंचाईत होई. साडीवर खाकी अंगरखा चढवून मी इंजिन उघडायला शिकले, क्लचप्लेट बदलायला शिकले आणि पास झाले. कोर्स संपला तेव्हा पोरं नोकरीला पुण्याकडे गेली आणि मी प्रमाणपत्र घेऊन खालेदभाईंच्या दारात उभी राहिले.

त्यांनी ते उन्हात धरून बघितलं.

"कागद झाले," ते म्हणाले. "आता माझी परीक्षा. एक बाई पहिल्या दिवसापासून तुम्ही शिकवायची. मी मागं बसणार, बोलणार न्हाई. ती टेस्टला पास झाली की मंग तुमचं नाव आरटीओत पाठवतो."

"आणि नाही झाली तर?"

"तर मंग तुम्ही ड्रायव्हर लय चांगल्या हायत."

ही अट सरकारच्या कुठल्याही नियमात नाही. आरटीओतल्या साहेबांनी पुढे मला खुणांच्या पाट्या विचारल्या, इंजिनाचे भाग विचारले, ते सगळं सोपं होतं. माझी खरी परीक्षा खालेदभाईंनी मनानं काढलेली होती, आणि ती चुकवायची सोय नव्हती.

विद्यार्थी मिळेपर्यंत त्यांनी मला मागच्या सीटवर बसवून नुसतं बघायला लावलं. त्या दिवसांत अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडचे ऊसतोडीचे एक मुकादम शिकायला येत. माणूस जन्मभर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालवत आलेला. हात पक्का, नजर पक्की, पण वळण आलं की एवढीशी गाडी पार रस्त्याच्या पलीकडे नेऊन मग वळवायचे. मागं दोन ट्रॉल्या आहेत हे त्यांच्या हाडात बसलं होतं. खालेदभाई म्हणायचे, "मुकादम, मागं काय न्हाई. आरशात बघा." मुकादम आरशात बघायचे, मान डोलवायचे आणि पुढचं वळण पुन्हा तसंच घ्यायचे. शेवटी एका सकाळी खालेदभाईंनी गाडी सुरू करायच्या आधीच सांगितलं, "ट्रॉल्या कारखान्यावर सोडून आलो न्हाई का आपण?" मुकादम क्षणभर विचारात पडले, "हो, सोडल्या की," म्हणाले आणि त्या दिवसापासून नीट वळायला लागले. मला फार कौतुक वाटलं. असलं काही आयटीआयत शिकवत नाहीत.

मग वैशालीताई आल्या. वैशाली देशपांडे, तहसील कचेरीत अव्वल कारकून. घरातली गाडी नवऱ्यानं घेऊन ठेवलेली, नवरा नोकरीला पुण्याला, आणि गाडी अंबडला अंगणात कापड पांघरून. दर रविवारी त्या कापड काढून ती पुसत आणि पुन्हा कापड घालत. बदली गावाबाहेर झालेली, एसटीच्या वेळा साहेबांच्या वेळांशी जुळत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला गाडीची हौस नाहीये. मला वेळेवर पोचायचंय."

इथे थोडं धंद्याचं सांगावं लागेल. शिकवण्याच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, उजवीकडच्यांना जोडलेला. शिकणाऱ्याचं चुकलं तर शिकवणाऱ्यानं डावीकडून दाबायचा. आणि क्लच म्हणजे काय, तर दोन तळहात एकमेकांना चिकटवावेत तसं आहे. चिकटलेले असले की एक फिरला की दुसरा फिरतो, दूर केले की इंजिन आपल्या जागी, चाकं आपल्या जागी. सगळी कला त्यांना हळू चिकटवण्यात आहे. पटकन चिकटवले की गाडी बेडकासारखी उडी मारते आणि बंद पडते.

वैशालीताईंची गाडी कधी उडी मारत नसे. पहिल्या आठवड्यापासून अशी सुटायची की वाटावं, बाई आधी कुठेतरी शिकून आल्या आहेत. मी मनातून फुगले. आपल्या हाताला यश आहे असं मालकांनाही सांगून टाकलं. खालेदभाई मागच्या सीटवर कबूल केल्याप्रमाणे काही बोलत नव्हते. त्यांच्या गप्प बसण्याला मी पसंती समजले.

टेस्ट जालन्याला. तिथे शिकवणाऱ्यानं गाडीतून उतरायचं आणि साहेबांनी डाव्या सीटवर बसायचं. साहेब बसले, हाताची घडी घातली, पाय मागे ओढून घेतले आणि म्हणाले, "चला."

गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी. तिसऱ्यांदा तर साहेबांची टोपी मांडीत आली. वैशालीताई काच खाली करून मला हाक मारत होत्या, "मॅडम, गाडी खराब झालीये! रोज अशी करत नाही!" साहेबांनी टोपी झटकली, नापासाची खूण केली आणि उतरले. मागून येणाऱ्या परीक्षार्थींनी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच नशीब.

खालेदभाई जाऊन गाडीत बसले. गाडी लोण्यासारखी निघाली, एक चक्कर मारून आली. मग त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. मणक्याचं विसरून मी वाकले.

"दोन्हीकडचं रबर मी एकाच दिवशी बदलल्तं," ते म्हणाले. "त्यांच्या पायाखालचं बघा. आता तुमच्या पायाखालचं बघा."

वैशालीताईंच्या क्लचवरच्या रबराच्या रेघा दुकानातल्या नव्या रबरासारख्या होत्या. माझ्या बाजूचं रबर घासून चकचकीत झालं होतं.

"गाडी कोन चालवून राह्यलं होतं, सुमनबाई?"

मी खरंच जाणूनबुजून पाय लावला नव्हता. इतकी वर्षं पिकअप चालवून माझ्या पायाला गाडीची थरथर माझ्याआधी कळत होती, आणि मला न विचारताच तो क्लच सावरत होता. वैशालीताई पाय सोडायच्या, माझा पाय धरून ठेवायचा. बिचारीला वाटायचं, आपल्याला जमलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मालकांनी विचारलं, "पास झाली का तुझी बाई?" मी म्हटलं, "गाडी खराब झाल्ती."

दुसऱ्या दिवशी वैशालीताई आल्या त्या तणतणतच. "मॅडम, अख्ख्या कचेरीत मी पेढे आणते म्हणून सांगून गेले होते. आता एकदा. एकदाच. नाही झालं तर गाडी विकून टाकते आणि मग कोणी विचारलं तर कुठं शिकायला गेले होते तेही सांगते." अंबड केवढं? एक बाई असं म्हणाली की दुसरी दारात येणार नाही, आणि बायका आल्या नाहीत तर खालेदभाईंना माझा काय उपयोग? आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून मी दुसऱ्याच्या कापसात जायचं. हे मला कळत होतं आणि खालेदभाईंनाही.

ते म्हणाले, "चपला काढा. मागं द्या माझ्याकडं. मांडी घाला."

"कुठं?"

"सीटवर. दुसरी जागा हाय का?"

माझा देह पाहता पुढच्या सीटवर मांडी घालणं हे एक स्वतंत्र काम होतं. पट्टा लावला तर मांडी सुटे, मांडी घातली तर पट्टा पोचेना. शेवटी कसंबसं बसलं. मी म्हटलं, "भाई, एकदम ब्रेक मारायची वेळ आली तर?"

"मांडी सोडून पाय खाली यायला जेवढा टाइम लागतो ना, तेवढा टाइम त्या बाईचा हाय. तो तुम्ही आजवर तिला दिलाच न्हाई. आणि हँडब्रेकवर माझा हात हाय. बिलकुल घाबरू नका."

आता पाय नाहीत म्हटल्यावर तोंडानं शिकवणं भाग पडलं, आणि तेव्हा कळलं की मला तोंडानं काहीच शिकवता येत नाही. "हळू सोडा" म्हणायचे. वैशालीताई विचारायच्या, "हळू म्हणजे किती?" मला काय माहीत किती? हे मी कधी बघितलंच नव्हतं. मग दुपारी रिकाम्या गाडीत एकटी उजवीकडे बसून मी माझ्याच पायावर पहारा ठेवला. क्लच सोडताना एका जागी बोनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं, आवाज जरा जड होतो. माझा पाय तिथे थांबत होता. इतकी वर्षं थांबत होता आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "ताई, बोनेट मान वर करतं. ते दिसलं की पाय तिथंच गोठवा." त्यांनी उड्या मारत मारत अर्धा तास बोनेटकडे बघितलं आणि मग गाडी निघाली. जराशी थरथरत, पण त्यांची त्यांची. "मान वर केली!" त्या ओरडल्या. मला रडू आलं. मी सुपारी तोंडात टाकली.

रस्त्यावर आमची शोभा होत होतीच. नाक्यावरचा चहावाला रोज विचारी, "मॅडम, पूजेला बसल्या का?" जांब समर्थला दर्शनाला निघालेल्या एका जीपमधल्या बायकांनी तर मला हात जोडले. मी त्यांना आशीर्वाद दिला, दुसरं काय करणार?

टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी आम्ही अंकुशनगरच्या रस्त्याला होतो. उसाचा हंगाम. वैशालीताई तिसऱ्या गिअरमध्ये, रंगात येऊन कचेरीतल्या भांडणाचं सांगत होत्या. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. ट्रॅक्टरवाल्याला कोणीतरी ओळखीचं दिसलं असावं. तो भर रस्त्यात थांबला.

माझा जीव पायात गेला. पाय मात्र जागचा हलला नाही. वैशालीताईंचं वाक्य मधेच तुटलं. त्यांनी क्लच दाबला, ब्रेक दाबला, गाडी थांबली. उसाची वाढं, म्हणजे शेंड्याची पानं, काचेला टेकायची तेवढी बाकी होती. ट्रॅक्टरवाला ओळखीच्या माणसाशी बोलतच होता.

मागून खालेदभाईंचा आवाज आला, "माशाल्ला! पाय हलला न्हाई, सुमनबाई."

"भाई, पायाला मुंग्या आल्यात. हलवता येईना."

त्यांनी हँडब्रेकवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. झोपलेला पाय चांगला मास्तर हाय."

वैशालीताई दोघांकडे बघत होत्या. "म्हणजे ब्रेक मी मारला? एकटीनं?"

"तुम्हीच," मी म्हटलं. त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली आणि भांडणाचं पुढे सांगायला लागल्या.

टेस्टच्या दिवशी आम्ही दोघं जालन्याच्या मैदानावर कुंपणाच्या अलीकडे उभे. साहेब तेच. त्यांनी वैशालीताईंना ओळखलं असावं, कारण बसण्याआधी टोपी काढून हातात धरली. गाडी निघाली. माझी नजर चाकांवर आणि डोक्यात एकच, की ही बाई नापास झाली तर आज दोघींचं संपलं. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची होती. नवशिके तिथेच मागे घसरतात. गाडी थांबली. एक क्षण, दोन क्षण काही होईना. माझ्या दाताखाली सुपारी फुटली. कुंपणाबाहेर, सुक्या मातीत माझा डावा पाय रुतत होता. मी खाली बघितलं आणि शेजारी नजर गेली. खालेदभाईंची उजवी, ब्रेकच्या पायातली चप्पल मातीत निम्मी गाडली गेली होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्सं झाली. कुत्र्याचं शेपूट हाय हे. सरळ होत न्हाई. फक्त गाडीत आणायचं न्हाई."

चढावर बोनेटनं मान वर केली. गाडी वर गेली.

वैशालीताई चक्कर पूर्ण करून आल्या. साहेबांनी टोपी डोक्यावर घातली आणि मान हलवली. त्या उतरून सरळ आमच्याकडे आल्या, चेहरा लाल, घामानं केस कपाळाला चिकटलेले. मला वाटलं, आता आभार मानतील, कदाचित गळ्यातही पडतील. मी पदर नीट केला.

"मॅडम, खरं सांगू? पूर्ण टेस्टमध्ये मला तुमची एकदासुद्धा आठवण आली नाही."

माझा चेहरा उतरला. इतके दिवस हिच्यासाठी मांडी घालून पाय बधिर केले आणि हिला आठवणसुद्धा नाही? मला आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम दाखवायला चेहरा एकच होता.

खालेदभाईंनी चप्पल मातीतून उपटून झटकली.

"सुमनबाई," ते म्हणाले, "उद्या येताना दोन फोटो घेऊन या. तुमचं नाव पाठवायचंय."